हळदीचा डाग साबणाने लाल का होतो? जेवणाच्या डागांचं साधं शास्त्र, आपल्या पाण्यासाठी

पांढऱ्या शर्टावर वरण सांडतं, आपण त्यावर साबणाची वडी घासतो आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत लालभडक होतो. मग घाबरून आणखी साबण, त्यावर ब्रश, त्यावर कढत पाणी. शेवटी शर्टाची रवानगी 'घरात घालायच्या' कपड्यांत. असं न घडलेलं घर आपल्याकडे शोधून सापडायचं नाही. शाळेचा गणवेश असेल तर नवा घ्यावा लागतो, आणि दोन लेकरांच्या घरात तो खर्च जाणवतो.

मराठवाड्यात या त्रासाला पाण्याचीही जोड आहे. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसणारी शहरं आपल्याकडे आहेत. लातूरला तर २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. एकच कपडा तीनदा धुणं इथे परवडत नाही. म्हणून मुद्दा आधीच मांडते. डाग काढायला बादलीभर पाणी आणि मूठभर पावडर लागत नाही. डाग कशाचा आहे ते ओळखून योग्य क्रमाने काम केलं, तर बहुतेक डाग वाटीभर पाण्यात निघतात. कपडा धुणं हे त्याच्या नंतरचं काम.

डागात नेमकं काय असतं?

जेवणाचा डाग म्हणजे तीन-चार वेगवेगळ्या पदार्थांचं मिश्रण. वरणाचाच घ्या. त्यात तुरीच्या डाळीचं प्रथिन असतं, थोडं पिष्ठ असतं, फोडणीचं तेल असतं आणि त्या तेलात विरघळलेला हळदीचा रंग असतो. ही मंडळी एकाच उपायाने निघत नाहीत. प्रथिनाला गार पाणी हवं, तेलाला साबण हवा, आणि हळदीच्या रंगावर या दोन्हींचा पुरेसा परिणाम होत नाही. तिला ऊन हवं.

आपली चूक होते ती इथेच. एका दणक्यात सगळं घालवायला जातो आणि एका पदार्थावरचा उपाय दुसऱ्याला घट्ट बसवून टाकतो.

साबण करतो तरी काय?

पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून नुसत्या पाण्याने तेलकट डाग हलत नाही. गावात दोन घरांचं वैर असावं आणि दोन्हीकडे ऊठबस असलेल्या एखाद्याने मध्ये पडून बोलणी घडवावीत, तसं साबणाचं काम असतं. साबणाच्या प्रत्येक कणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. असे असंख्य कण तेलाच्या थेंबाला चहूबाजूंनी वेढतात, त्याला धाग्यावरून सोडवतात आणि पाण्याबरोबर वाहून नेतात.

या कामाला वेळ लागतो. लावल्या लावल्या खसाखसा घासलं की तेल सुटण्याऐवजी धाग्यात आणखी खोल जातं, शिवाय कपड्याचा पोत उसवतो. लावून दहा-पंधरा मिनिटं बाजूला ठेवणं हा कष्ट वाचवणारा भाग आहे, आणि घाईत आपण नेमका तोच गाळतो.

आपल्या पाण्याचा यात काय संबंध?

मोठा आहे. ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, त्याच पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे आपल्याकडे कुणालाही माहीत असतं. दोन्हींचं कारण एकच. काळ्या कातळातून झिरपत आलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. यालाच आपण जड पाणी म्हणतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) हा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलं आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं आहे. बादलीच्या काठावर आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर जमत असेल तर तुमचं पाणी जड आहे, तपासणीची गरज नाही.

हे क्षार साध्या साबणाला पकडतात आणि त्याचा चिकट, न विरघळणारा साका बनवतात. तो साका कपड्यावर बसतो. पांढरे कपडे काही महिन्यांत राखाडी दिसायला लागतात त्यात याचा वाटा असतो, आणि सुटलेला मळ त्या साक्यात अडकून पुन्हा कपड्यावर येतो. पावडरीवर क्षारांचा परिणाम कमी होतो, पण होतोच.

यावर दोन उपाय. धुण्याच्या बादलीत आधी चमचाभर धुण्याचा सोडा टाकून पाच मिनिटं थांबायचं आणि मग पावडर टाकायची. सोडा क्षारांना आधीच खाली बसवतो, पावडर कमी लागते. (रेशमी आणि लोकरी कपड्यांना मात्र सोडा नको.) दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण त्यात खर्च नाही. डाग काढण्यापुरतं तरी हलकं पाणी वापरायचं. साठवलेलं पावसाचं पाणी, एसीच्या नळीतून टपकणारं पाणी, काहीच नसेल तर फिल्टरचं वाटीभर. डाग रुपयाएवढा असतो, त्याला एवढं पाणी पुरतं.

आणि आरओ फिल्टरच्या दुसऱ्या नळीतून बाहेर पडणारं पाणी कपडे भिजवायला घेऊ नका. पाणी वाचवण्याच्या चांगल्या हेतूने अनेक घरांत ते धुण्याला घेतात, पण फिल्टरने काढलेले क्षार त्याच पाण्यात जातात, म्हणजे ते बोअरपेक्षाही जड असतं. अंगण आणि संडास धुवायला ते उत्तम.

मग हळद लाल का होते?

हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिन नावाच्या द्रव्यामुळे असतो. ते आंबट किंवा साध्या पाण्यात पिवळं राहतं. साबण, सोडा, चुना यांसारख्या क्षारधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट गुणाच्या, पदार्थांच्या संगतीत लाल होतं. हे आपल्याला नवीन नाही. हळदीत चुना घालून कुंकू करायची पद्धत जुनीच आहे आणि ओवाळायच्या ताटातलं हळद-चुन्याचं पाणी लाल होतं तेही यामुळेच. शर्टावर साबण घासला की तिथे तेच घडतं.

म्हणून पहिली गोष्ट अशी की डाग लाल झाला म्हणजे पक्का झाला, हे खरं नाही. साबण धुऊन काढला की रंग पिवळ्याकडे परत येतो. लिंबू पिळलं तर लगेच येतो. पण यातच दुसरा गैरसमज दडलेला आहे. लिंबू लावून लाल डाग पिवळा झाला की वाटतं उतार पडला. प्रत्यक्षात तिथली हळद तेवढीच असते, फक्त पुन्हा पिवळी दिसते.

कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात विरघळतं. त्यामुळे हळदीचा रंग तेलाच्या पाठीवर बसून धाग्यात शिरतो, आणि आधी तेल काढल्याशिवाय रंगापर्यंत पोचता येत नाही. तेल गेल्यावर उरलेला फिका पिवळा रंग घालवायला सगळ्यांत चांगलं साधन आपल्याकडे फुकट आहे. कर्क्युमिन उजेडात मोडतं. काचेच्या बरणीत खिडकीशी ठेवलेली हळद फिकी पडते, तेच इथे आपल्या कामी येतं. हळदीने बसमतचं नाव झालं, आणि त्याच भागातलं एप्रिल-मे महिन्यांतलं ऊन हळदीचा डाग फिका करायला पुरतं.

आता शाळेच्या पांढऱ्या शर्टावरचं वरण क्रमाने घेऊ. वाळलेला थर चमच्याच्या कडेने खरवडून काढा. शर्ट उलटा करून डागाच्या मागच्या बाजूने गार पाण्याची धार सोडा, म्हणजे डाळ जशी आली तशी बाहेर पडेल. पुढून धार सोडली तर ती आणखी आत रेटली जाते. मग पाणी निथळू द्या आणि डागावर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून बोटाने हलकेच पसरवा. इथे लिक्विड थोडं क्षारधर्मी असेल तर लालसर झाक येईल, येऊ द्या. पंधरा मिनिटांनी वाटीभर कोमट पाण्याने धुऊन काढा. बोटाला तेलकट लागलं तर हेच पुन्हा एकदा. मग नेहमीसारखा धुवा आणि ओला असतानाच डागाची बाजू वर करून थेट उन्हात टाका. पावसाळी दिवस असतील तर वेळ जास्त लागेल, उन्हाळ्यात बहुधा एक-दोन दिवसांत काम होतं. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री नको.

रंगीत कपड्याला ऊन दाखवलं तर त्याचाही रंग उडेल. तिथे ऑक्सिजनवाला ब्लीच वापरावा. पाकिटावर 'सोडियम परकार्बोनेट' असं लिहिलेलं असतं. कोमट पाण्यात घालून कपडा तासभर भिजवायचा, पण आधी शिवणीच्या आतल्या बाजूला लावून रंग जातो का ते पाहायचं.

तिखटाचा लाल रंग, आमरसाचा केशरी रंग, टोमॅटोचा, गाजराचा, हे सगळे याच रीतीने जातात. रंगद्रव्य वेगळं असतं पण तेही तेलात विरघळणारं आणि उजेडात मोडणारं आहे. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत पांढऱ्या पायजम्यावर येसर आमटी सांडली तरी क्रम तोच ठेवा.

तेलाचा डाग जुना झाला की का जात नाही?

याचं उत्तर मराठवाड्यातल्या घरांसाठी महत्त्वाचं आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही.

आपल्याकडे करडई आणि जवसाचं तेल पूर्वीपासून खाण्यात आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने करडईचे 'परभणी कुसुम'सारखे वाण काढले ते उगाच नाही. या दोन तेलांचा एक गुण असा की हवेच्या संपर्कात ती हळूहळू सुकतात. म्हणजे पाणी उडून जावं तशी उडत नाहीत. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्यांचे कण एकमेकांना जोडले जातात आणि पातळ, चिवट पापुद्रा तयार होतो. जवसाचं तेल रंगात आणि वार्निशात वापरतात ते याच गुणामुळे. सोयाबीनच्या तेलातही हा गुण आहे, थोडा कमी. शेंगदाण्याच्या तेलात बराच कमी.

म्हणून करडईच्या तेलातल्या फोडणीचा डाग महिनाभर कपाटात पडून राहिला, तर नंतर साबणाला धरायला तेल उरलेलंच नसतं, उरतो तो पापुद्रा. पिवळसर, पाण्याने न भिजणारा. त्याच डागावर त्याच दिवशी लिक्विडचे दोन थेंब पुरले असते. जुन्या डागाला पुन्हा थोडं ताजं खाद्यतेल चोळून अर्धा तास ठेवायचं आणि मग लिक्विड लावायचं, याने काही डाग सैल होतात. सगळे होत नाहीत, हेही स्पष्ट सांगायला हवं.

गणवेशाच्या टेरिकॉटमध्ये पॉलिस्टर असतं आणि पॉलिस्टर तेल धरून ठेवतं. अशा कपड्यावर तेल सांडलं तर पाणी लावण्याआधी बेसन किंवा टाल्कम पावडर टाकून तेल शोषून घ्या, ती झटका, आणि लिक्विड कोरड्या डागावरच लावा. सुती कपड्यापेक्षा इथे धीर जास्त लागतो.

गरम पाण्याने जास्त स्वच्छ होतं ना?

तेलाच्या बाबतीत कोमट पाणी बरं. पण दूध, दही, अंडं, मटणाचा रस्सा, डाळ यांत प्रथिन असतं आणि प्रथिन उष्णतेने गोठतं. कढत पाणी ओतलं की ते धाग्यातच शिजून बसतं. त्यामुळे यांना आधी गार पाणी, नंतर बाकीचं. लातूर-धाराशिवकडे येळवशीला (वेळ अमावस्येला) शेतात जेवताना आंबील अंगावर सांडतेच. तीत ज्वारीचं पिष्ठ आणि ताक असतं, दोन्ही गार पाण्याने तिथल्या तिथे जवळजवळ पूर्ण निघतात. सोबतच्या भज्जीत (मिश्र भाजीत) हळद-तेल असतं, तिचा डाग घरी येऊन वर सांगितलेल्या पद्धतीने काढावा.

ज्या पावडरीवर 'एन्झाइम' लिहिलेलं असतं ती अशा डागांना चांगली. एन्झाइम म्हणजे आपल्या पोटात अन्न पचवतात त्याच जातीचे पाचक पदार्थ. एक प्रथिन तोडतो, दुसरा पिष्ठ, तिसरा तेल. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो ऱ्योम यांनी १९१३ मध्येच धुण्यासाठी पाचक रस वापरायचं पेटंट घेतलं होतं. पण या पावडरीला भिजायला अर्धा-पाऊण तास द्यावा लागतो आणि पाणी कोमटच लागतं. उकळतं पाणी एन्झाइमच निकामी करतं. महागडी पावडर आणून कढत पाण्यात पाच मिनिटांत धुणाऱ्यांचे पैसे वाया जातात.

चहा, डाळिंब, जांभूळ, उसाचा रस

चहा आणि डाळिंबात टॅनिन असतं, तेच तोंडाला तुरट लागतं. टॅनिन साबण-सोड्याने गडद होतं आणि लोखंडाशी गाठ पडली की काळं. गंजक्या नळाचं पाणी किंवा कपड्याला लावलेली गंजकी पिन असल्या डागावर लागू देऊ नका. आधी साधं पाणी, मग पांढरं व्हिनेगर किंवा लिंबू निम्मं पाणी घालून, दहा मिनिटांनी धुऊन पावडर. दुधाच्या चहाला सुरुवात गार पाण्याने. जांभळालाही आंबटच लावा, साबणाने त्याचा रंग निळा-काळा होतो.

उसाचा रस फसवा. वाळल्यावर दिसत नाही, म्हणून कपडा न धुता इस्त्री केला जातो आणि तापल्यावर साखर तपकिरी होते. रसवंतीवर सांडलेला रस पाण्याने सहज जातो. फक्त त्याच दिवशी लावायला हवं.

लिंबू आणि सोडा एकत्र लावलं तर?

फसफसतं, त्यामुळे काम होतंय असं वाटतं. खरं म्हणजे आंबट आणि क्षारधर्मी पदार्थ एकमेकांना मारतात आणि उरतं ते जवळपास खारं पाणी. दोन्ही उपयोगी आहेत, पण वेगवेगळ्या डागांवर. व्हिनेगर चहाला, सोडा जड पाण्याला. टूथपेस्ट लावण्यातही अर्थ नाही. तिच्यातली बारीक भुकटी कपड्याचा पृष्ठभाग घासून काढते.

नीळ घातल्यावर पांढरा कपडा उजळ दिसतो, कारण निळ्यामुळे पिवळेपणा डोळ्याला जाणवत नाही. तिने डाग निघत नाही, त्यामुळे नीळ शेवटी.

ब्लीच टाकलं की प्रश्न संपतो, मग एवढी खटपट कशाला?

साधा क्लोरीनवाला ब्लीच पांढऱ्या सुती कपड्यावरची हळद खरंच घालवतो. तो पाण्यात पातळ करून, थोडा वेळ, फक्त पांढऱ्या सुतीवर वापरायला माझी हरकत नाही. रेशीम आणि लोकर त्याने खराब होते, रंगीत कपड्यावर कायमचे चट्टे पडतात, आणि वारंवार वापरला तर सुती धागाही विरतो.

माझी खरी काळजी वेगळी आहे. आपल्याकडे न्हाणीघरात ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड शेजारी शेजारी असतं. या दोन्हींचा संपर्क आला की क्लोरीन वायू निघतो, तो विषारी आहे, आणि बंद न्हाणीत जीवावर बेतू शकतं. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा लिंबूही कधी मिसळू नका. 'दोन्ही टाकलं की लवकर जाईल' असा सल्ला कुणी दिला तर त्यांनाही हे सांगा. ब्लीचची बाटली लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा आणि ती पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या जुन्या बाटलीत भरून ठेवू नका.

सकाळी डबे, शाळा, बस. हे सगळं करायला वेळ कुणाला आहे?

रास्त प्रश्न आहे. कामावर जाणाऱ्या बाईने संध्याकाळी चार प्रकारचे डाग वेगळे करत बसावं, असं मी म्हणणार नाही. हे काम एकट्या बाईचंच आहे असंही नाही. पाचवीतलं लेकरू स्वतःच्या शर्टावर लिक्विडचे दोन थेंब लावू शकतं, आणि बाबाही.

मोरीपाशी एक छोटी बाटली ठेवा, एक भाग भांड्याचं लिक्विड आणि दोन भाग हलकं पाणी. घरी आल्यावर कपडा काढला की डाग असेल तर आधी गार पाणी, मग त्या बाटलीतले थेंब, आणि कपडा वेगळ्या टोपलीत. धुणं दोन दिवसांनी झालं तरी चालेल. वरण, भाजी, रस्सा यांपैकी बहुतेकांना एवढं पुरतं. फक्त चहा आणि जांभूळ यातून वगळा. वाळत घालण्याआधी डाग गेला का तेवढं बघायचं. मशीनमध्ये ड्रायर असेल तर हे बघणं जास्तच गरजेचं, कारण उरलेला डाग उष्णतेने पक्का होतो.

डाग दाबून टिपायचा, पुसायचा नाही, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. पुसल्याने रुपयाएवढा डाग तळहाताएवढा होतो.

पैठणी आणि हिमरू

पैठणी आणि हिमरू (रेशीम आणि सुताचं विणलेलं कापड) घरी धुवायला जाऊ नका. रेशीम हेही प्रथिनच आहे, त्यामुळे प्रथिन तोडणारी एन्झाइमची पावडर रेशमालाही खाते, सोडा आणि ब्लीच तर त्याहून वाईट. जरीला लिंबू लागलं तर ती काळवंडू शकते. पाणी लावून चोळलं तर रेशमाची चमक त्या जागी कायमची जाते. पदरावर काही सांडलं तर कोऱ्या सुती फडक्याने वरच्यावर टिपा, तेलकट असेल तर टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ ब्रशने झटका आणि त्याच आठवड्यात ड्रायक्लीनिंगला द्या. देताना डाग कशाचा आहे, किती दिवसांचा आहे आणि तुम्ही त्यावर काय लावलं, हे तिन्ही चिठ्ठीवर लिहून पदराला टाचणीऐवजी दोऱ्याने बांधा. ड्रायक्लीनिंगवाल्याला पुढचं द्रव्य निवडायला हीच माहिती लागते.